महापालिका निवडणूक : मत कोणाला द्यायचे आणि कशासाठी? आमच्या शिफारशी

येत्या १५ जानेवारीला, गुरुवारी, महाराष्ट्रातील २९ महापालिकांसाठी मतदान होत आहे. दुसऱ्या दिवशी निकाल. राज्यातले सुमारे ३ कोटी ४८ लाख मतदार २,८६९ नगरसेवक निवडणार आहेत. मुंबई, ठाणे, भिवंडी, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, अकोला, सोलापूर, सांगली-मिरज अशी आपल्या समाजाची मोठी वस्ती असलेली जवळपास सगळी शहरे यात आहेत.

आमच्याकडे रोज एकच प्रश्न येतो, "यंदा कोणाला मत द्यायचे?" मोहल्ल्यात, चहाच्या टपरीवर, घराघरांत हीच चर्चा आहे. कुणी म्हणतो आपल्या माणसाला द्या, कुणी म्हणतो अमक्याला पाडायचे आहे म्हणून तमक्याला द्या, तर कुणी म्हणतो काही फरक पडत नाही, घरीच बसा. आम्ही इथे कोणत्याही पक्षाची चिठ्ठी वाटणार नाही. मात्र कोणत्या जागेसाठी कसा विचार करावा आणि कोणाला मत देऊ नये, हे स्पष्ट सांगणार आहोत. पटले तर घ्या, नाही पटले तर घरात बसून त्यावर वाद घाला. पण बटण दाबण्याआधी विचार करा.

हे मत दिल्लीचे नाही, गल्लीचे आहे

आपल्या समाजात लोकसभेच्या वेळी जो जोश असतो तो महापालिकेच्या वेळी नसतो. खरे तर उलटे असायला हवे. नळाला पाणी किती वाजता येते, नाला पावसाळ्याआधी साफ होतो की नाही, मनपाच्या उर्दू शाळेत शिक्षक आहेत का, प्रसूतिगृहात डॉक्टर भेटतो का, हातगाडीवाल्याला परवाना मिळतो की रोज दंड, हे सगळे महापालिकेच्या हातात. दफनभूमीची सोय करणे हेसुद्धा कायद्याने महापालिकेचे बंधनकारक काम आहे. कुणाची मेहरबानी नाही. तरी अनेक शहरांत कब्रस्तानच्या जागेसाठी समाज वर्षानुवर्षे अर्ज घेऊन फिरतो आहे.

आणि हा जिवाचाही प्रश्न आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे दगावली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत पहाटे झोपेतल्या लोकांवर कोसळली, तिशीहून अधिक जीव गेले. इमारत बेकायदा असताना तिच्यावर मजले चढतात तेव्हा कुणीतरी बघत नाही, किंवा बघून गप्प बसतो. धोकादायक इमारतींची यादी करणे, नोटीस देणे, राहणाऱ्यांची पर्यायी सोय बघणे, यासाठी प्रशासनाच्या मागे लागायचे काम नगरसेवकाचे असते.

गेली काही वर्षे तर विचारायलाही कुणी नव्हते. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. छत्रपती संभाजीनगरात शेवटचे मतदान एप्रिल २०१५ मध्ये झाले होते. तेव्हा सात-आठ वर्षांचा असलेला मुलगा यंदा मतदार आहे! मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. एवढा पैसा लोकांनी निवडलेल्या एकाही प्रतिनिधीच्या देखरेखीशिवाय खर्च होत होता. म्हणून घरी बसा म्हणणाऱ्यांना आमचे पहिले उत्तर हेच की, इतक्या वर्षांनी हिशेब विचारायची पाळी आली आहे. ती सोडू नका.

एका मताची किंमत

"माझ्या एका मताने काय होते?" असे म्हणणाऱ्यांसाठी तीन उदाहरणे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना नेमकी ५,९४६ अशी सारखीच मते पडली. शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. त्या प्रभागातला एक माणूस जरी दुपारची झोप सोडून बाहेर पडला असता तर चिठ्ठीची वेळ आली नसती. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघ ४८ मतांनी फिरला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये विजय-पराजयातले अंतर फक्त १६२ मतांचे होते. मालेगावातल्या एखाद्या गल्लीतच तेवढे मतदार सापडतील. आणि महापालिकेचा प्रभाग तर विधानसभेपेक्षा कितीतरी लहान असतो.

चार मते म्हणजे चार वेगळे निर्णय

मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक मतदाराला एकच मत आहे. बाकी महापालिकांत बहुतेक ठिकाणी चार जागांचा एक प्रभाग आहे. कुठे तीन, कुठे पाच. म्हणजे तुम्हाला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे आहे. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. एक बटण दाबून बाहेर येऊ नका. सगळ्या जागांची मते दिली की शेवटी यंत्राचा आवाज येतो, तेव्हाच मतदान पूर्ण झाले समजा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि पहिल्यांदा मत देणाऱ्या मुला-मुलींना हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा.

आता पक्ष सांगतात, "चारही मते आमच्याच पॅनेलला." आमची शिफारस वेगळी आहे. प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार करा. पॅनेलमध्ये एक कामाचा माणूस पुढे करून त्याच्या आडून तीन बिनकामाचे आत ढकलले जातात, हा सगळ्याच पक्षांचा अनुभव आहे. चारही खरोखर चांगले असतील तर चारही द्या, हरकत नाही. पण निशाणी बघून नव्हे, नाव आणि काम बघून.

*सर्वसाधारण जागा :* आपल्या मोहल्ल्यात बहुतेक वेळा सर्वात जास्त गर्दी याच जागेवर होते. एकाच जागेला आपलेच पाच-सहा उमेदवार, प्रत्येकाच्या मागे एक खानदान किंवा एक बिरादरी. मतांची विभागणी होते आणि नंतर सगळे मिळून नशिबाला दोष देतात. यावर तोडगा म्हणून एखाद्या हॉटेलात चार 'जिम्मेदार' बसतात, एक नाव ठरवतात आणि समाजावर लादतात. त्यांनी ज्याला बसवले तो का बसला, किती घेऊन बसला, हे कुणाला कळत नाही. आम्ही म्हणतो, सगळ्या उमेदवारांना एका उघड्या मैदानात, एकाच व्यासपीठावर बोलवा. बायकांना पुढच्या रांगेत बसवा. प्रश्न विचारा. लोकांना समोरासमोर फरक दिसला की मते आपोआप एका बाजूला येतात. हे मस्जिदीत मात्र करू नका. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही आणि इमामसाहेबांना या भानगडीत ओढणे त्यांच्याही इज्जतीला शोभत नाही.

*महिलांची जागा :* निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पोस्टरवर बाईंचा फोटो छोटा आणि 'साहेबां'चा मोठा, भाषण साहेबांचे, फोन नंबर साहेबांचा. अशा उमेदवाराला आमची शिफारस नाही. आपल्या घरातल्या आई-बहिणींनी त्या उमेदवार बाईंना स्वतः भेटावे आणि विचारावे, "बाजी, सभागृहात तुम्ही बोलणार की भाईजान?" ज्या बाई बचतगटात, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, रेशनच्या लढ्यात राहिल्या आहेत त्या बुरख्यात असोत की साडीत, त्यांना आपली वस्ती ओळखते. त्यांना मत द्या.

*ओबीसी (नामाप्र) जागा :* तांबोळी, पिंजारी, बागवान, मोमीन अशा आपल्या अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे या जागेवरही आपले उमेदवार उभे असतात. इथे एकच प्रश्न आधी विचारा : जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? नुसता दाखला पुरत नाही. वैधता वेळेत मिळाली नाही तर निवडून येऊनही पद जाते, प्रभाग पुन्हा पोरका होतो आणि तुमचे मत वाया.

*अनुसूचित जातीची जागा :* १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे मुस्लिमांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, म्हणून या जागेवर आपला उमेदवार नसतो. मग आपले लोक काय करतात? कोणतेही बटण दाबून मोकळे होतात. हे चुकीचे आहे. शेजारच्या वस्तीतला बौद्ध, मातंग किंवा चर्मकार समाजाचा जो कार्यकर्ता पाण्यासाठी, घरकुलासाठी आपल्यासोबत मोर्च्यात चालला, दंगलीच्या अफवांच्या रात्री जो आपल्या चौकात येऊन उभा राहिला, त्याला हे मत मनापासून द्या. सभागृहात त्याचा हात आपल्यासाठीही वर होणार आहे.

कोणाला मत देऊ नये

पहिला, पैसे वाटणारा. हिशेब करून बघा. मताला दोन हजार रुपये मिळाले असे धरले तरी पाच वर्षांत १,८२५ दिवस असतात. दिवसाला एक रुपया दहा पैसे. एवढ्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. आणि ज्याने पैसे वाटले तो ते तुमच्याच गटाराच्या कंत्राटातून काढणार. मत ही अमानत आहे आणि रिश्वत घेणारा-देणारा दोघांबद्दल आपला दीन काय म्हणतो हे आम्ही नव्याने सांगायला नको.

दुसरा, फक्त भीती किंवा फक्त जोश विकणारा. एक म्हणतो, "मला निवडून दिले नाही तर तुमचे काही खरे नाही." दुसरा तासभर शेरोशायरी करतो, टाळ्या घेतो आणि प्रभागातल्या एकाही नाल्याचे नाव त्याला माहीत नसते. संसदेत गाजलेल्या विषयांवर महापालिकेत निर्णय होत नाही. त्या विषयांवर त्याचे मत जरूर विचारा, पण त्याने गल्लीतल्या कामाबद्दलही उत्तर दिले पाहिजे.

तिसरा, ज्याचे प्रतिज्ञापत्र बोलते. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागतात. हे कागद लोकांना बघता येतात. मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या पोरांना एक संध्याकाळ हे काम द्या. आंदोलनात लागलेला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणी किंवा महिलेच्या छळाचा गुन्हा यात फरक असतो, तो करा. मागच्या वेळच्या आणि यावेळच्या मालमत्तेत किती फरक पडला तेही बघा.

चौथा, माजी नगरसेवक जो प्रशासकाच्या काळात गायब होता. पद नव्हते, मान्य. पण पद नसतानाही जो लोकांचे अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जात होता तोच खरा. जो आता बॅनर घेऊन उगवला त्याला तुम्ही ओळखताच.

अपक्षांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. चांगला अपक्ष निवडून द्यावा का? एकटा नगरसेवक सभागृहात फार काही करू शकत नाही, स्थायी समिती आणि निधी संख्याबळावर चालतात, हा मुद्दा खरा आहे. त्यामुळे अपक्षाला आधीच विचारा की निकालानंतर कोणत्या गटात बसणार, आणि त्याचे उत्तर सर्वांसमोर घ्या. जो टाळाटाळ करतो तो भाव वाढायची वाट बघतो आहे.

आणि एकही लायक नसेल तर? 'नोटा' आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांत नोटाला वजन आले. नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेवर कुणीही निवडून येत नाही, फेरनिवडणूक होते. तरीही आमचा सल्ला असा की नोटा हा शेवटचा उपाय ठेवा, रागाचा नको. कल्याण-डोंबिवलीसह काही शहरांत यंदा बिनविरोध निवडी झाल्या आहेत. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी बटणच मिळणार नाही. ज्यांना मिळाले आहे त्यांनी त्याची कदर करावी.

माणसाला नव्हे, प्रश्नाला मत : उभी बाटली की आडवी?

काही देशांत मतपत्रिकेवर उमेदवारांसोबत प्रश्नही छापलेले असतात. हा कर वाढवावा का, ही जमीन अमुक कामाला द्यावी का, हो की नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. या भागातले मोठे उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. दोन पाने सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली आणि प्रश्न कायमचा मिटला.

पण एक प्रश्न असा आहे ज्यावर महाराष्ट्रातली जनता आजही थेट मत देऊ शकते. दारूचे दुकान. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्या करून लेखी मागणी केली, तर उत्पादन शुल्क विभाग सह्या तपासतो आणि गुप्त मतदान घेतले जाते. चिन्हे दोनच : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. शहरातल्या प्रभागांनाही अशी मागणी करता येते. तिथली टक्केवारी आणि प्रक्रिया काय, हे उत्पादन शुल्क कार्यालयातून लेखी घ्या आणि मगच सह्यांना सुरुवात करा. शिवाय गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दारू किंवा बिअरचे दुकान उघडायचे तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे, असे मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झाले आहे.

इथे आमची शिफारस सरळ आहे : आडवी बाटली. दीनची आज्ञा तर आहेच, पण हा विषय फक्त आपला नाही. शेजारच्या वस्तीतल्या ज्या ताईचा नवरा मजुरी गुत्त्यावर उडवतो तिचाही तो आहे. राज्यात आडवी बाटली जिंकलेल्या बहुतेक ठिकाणी पुढाकार महिलांनीच घेतला. आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांनी त्यांच्यासोबत सह्या गोळा केल्या तर दोन्ही वस्त्यांत जी ओळख वाढेल ती दुकान बंद होण्याइतकीच मोलाची.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गावातल्या मतदानात पडलेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीत असलेल्या एकूण महिलांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली तिचे मत दुकानदाराच्या खात्यात गेले. आणि दुकान बंद झाले की काम संपत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवलीसुद्धा. लोकांचा रेटा कायम राहिला नाही तर मिळवलेलेही हातचे जाते.

उमेदवारापुढे ठेवायचे पाच प्रश्न

बाटलीच्या मतदानात एक खुबी आहे. प्रश्न स्वच्छ असतो, त्यामुळे उत्तरही स्वच्छ मिळते. उमेदवार निवडतानाही हेच करता येईल. माणूस बघायचाच, पण त्याच्यापुढे स्वच्छ प्रश्न ठेवायचे आणि उत्तर त्याच्या सहीनिशी घ्यायचे :

१. आपल्या भागातल्या धोकादायक इमारतींची यादी तुमच्याकडे आहे का? रहिवाशांना बेघर न करता काय करणार?

२. मनपाच्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या रिकाम्या शिक्षक-जागा पहिल्या वर्षात भरून घेण्यासाठी काय कराल?

३. कब्रस्तानच्या जागेचा प्रस्ताव कुठे अडला आहे, आणि तो कधी मार्गी लावाल?

४. फेरीवाल्यांची नोंदणी आणि नगर पथविक्रेता समितीचे काम याबाबत तुमची भूमिका काय?

५. दर तीन महिन्यांनी चौकात उभे राहून नगरसेवक निधीचा हिशेब द्याल का? हो की नाही?

जो सही करेल त्याचा कागद जपून ठेवा, फोटो काढून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका. जो सही करणार नाही त्याने आपले उत्तर दिलेच आहे.

१५ तारखेआधी एवढे करा

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. यादीत नाव आजच शोधा. आपल्या नावांचे स्पेलिंग यादीत हमखास बिघडलेले असते, तेव्हा एका स्पेलिंगने सापडले नाही तर दुसऱ्याने बघा. नावापुढे दोन तारे () दिसले तर घाबरू नका. तो संभाव्य दुबार नोंदीचा शेरा आहे. ओळखपत्र सोबत न्या, तुम्ही एकाच ठिकाणी मत देणार आहात हे लिहून द्यायची तयारी ठेवा आणि कुणाच्या सांगण्यावरून परत फिरू नका. लूम, गोदाम किंवा दुकानावर काम करणाऱ्या भावांनी मालकाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. बायकांनी सकाळचे काम आवरून दहाच्या आत जाऊन यावे, दुपारनंतर रांगा वाढतात. अम्मी-अब्बांना नेण्यासाठी गल्लीत एक रिक्षा सगळ्यांनी मिळून ठरवा. उमेदवाराच्या गाडीची वाट बघू नका.

आणि १६ तारखेला निकाल लागल्यावर, निवडून आलेला आपला असो की दुसऱ्याचा, त्याच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात ते पाच प्रश्न घेऊन जा. ज्याला मत दिले नाही त्याच्याकडूनही काम करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. पाणी सगळ्यांच्याच घरात यायला हवे.